साठ ओळी खाली

ताईंचा संगणकावर काडीचाही विश्वास नव्हता, आणि नोकरी मात्र त्यांनी संगणकाचीच केली. इंदिरानगरमधल्या आमच्या चार टेबलांच्या कंपनीत कुणी "झालं!" म्हणून ओरडलं, की त्या चष्मा पुसत विचारायच्या, "झालं असं कोण म्हणतंय? तू की तो?" तो म्हणजे संगणक.

त्या सटाण्याच्या कांदे पिकवणाऱ्या घरातल्या. प्रोग्राम पडद्यावर कधी वाचत नसत. छापून घेत, लांबलचक कागद टेबलावर पसरत आणि ओळीवर बोट ठेवून पुटपुटत. कुठला भाग कोणी लिहिलाय, हे त्यांना नाव न बघता कळे. कसं, ते मी एकदा विचारलं. "बांध पाहून शेत कोणाचं ते कळत नाही का? तू दर चार ओळींनी एक रिकामी सोडतेस, दम लागल्यासारखी." माझी ही सवय मलाच ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मी त्यांना जरा घाबरूनच असे.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. घोटीच्या एका रक्तपेढीत आमचा प्रोग्राम चाले. मुदत संपलेली पिशवी चुकून रुग्णाला जाऊ नये म्हणून ताईंनी एक दुरुस्ती लिहिली. तिला आम्ही पॅच म्हणायचो. छोटीशी फाइल, कुठल्या ओळी काढायच्या, कुठल्या घालायच्या, आणि जागा ओळखता यावी म्हणून शेजारच्या दोन-तीन ओळी. घोटीहून प्रोग्रामची फ्लॉपी आली, मी पॅच लावायला घेतला, तर संगणकाने नाकारला. त्याला जागाच सापडेना.

का, ते मला तत्काळ कळलं. महिन्यापूर्वी मी घोटीला गेले असताना तिथल्या ऑपरेटरने गळ घातली होती, "म्याडम, पिशवी देताना रक्तगट लय बारीक दिसतो. जरा मोठा करा ना." मी जागच्या जागी करून दिलं, वर त्याचा चहाही प्याले, आणि ऑफिसात अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे न सांगता गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामला हात लावायची सक्त मनाई होती. त्यापायी एकाची नोकरी गेलेली मी पाहिली होती, आणि माझ्या पगारावर घर चालत होतं.

मग मी अतिशहाणपणा केला. जागा तंतोतंत जुळली नाही तरी चालेल, असं संगणकाला सांगितलं. पॅच बसला. "झालं!" मी ओरडले.

ताई उठून आल्या. पडद्यावर एवढंच होतं: पॅच बसला, ठरलेल्या जागेपासून साठ ओळी खाली.

"आठे कायतरी घोळ शे," त्या म्हणाल्या, म्हणजे इथे काहीतरी घोळ आहे. त्या कामात गुंतल्या की अहिराणी आपोआप बाहेर यायची. कागद छापला, बोट फिरू लागलं आणि दोन मिनिटांत थांबलं. पिशवी देण्याचा भाग आणि पिशवी जमा करून घेण्याचा भाग जुळ्या बहिणींसारखे दिसायचे. माझ्या बदलामुळे पहिला ओळखू आला नाही, म्हणून पॅच दुसऱ्यात जाऊन बसला होता. म्हणजे पेढीत येणारी पिशवी तपासली गेली असती, रुग्णाकडे जाणारी नाही.

"ठिगळ छान बसलंय गं. पण शेजाऱ्याच्या सदऱ्याला."

मी ज्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, त्यातून या बाईंना रुग्णाच्या जिवाचा धोका दिसला होता.

चहा सांगायला त्या स्वतः खाली गेल्या, जरा वेळाने वर आल्या. "ही फाइल आपण दिली तशी नाही. कोणाचा हात लागला असेल?" एवढं विचारून कागदाच्या घड्या घालत बसल्या. चहा आला, संपला. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "ताई, मी. घोटीला."

"बरं. आता खरी जागा बोटाने दाखव."

दुरुस्ती दोघींनी मिळून हाताने तिच्या जागी बसवली. दुपारच्या एसटीने मी घोटी गाठली. मुदत संपलेल्या पिशवीची खोटी नोंद करून पाहिली. प्रोग्रामने ती अडवली. ऑपरेटर खुशीत होता. "सकाळीच ताईंचा फोन आला व्हता, रक्तगट कोणी मोठा केला इचारत व्हत्या. म्हनलं, आपल्या म्याडमनी. लय सोय झाली."

म्हणजे चहा सांगायला खाली गेल्या तेव्हाच त्यांनी फोन केला होता. चहा पिताना त्यांना सगळं माहीत होतं.

आता कंपनीचे साहेब बोलावणार, म्हणून मी आठवडाभर धास्तावून होते. साहेबांनी बोलावलंच नाही, आणि का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. पुढे ताई सटाण्याला परतल्या, तिथल्या शाळेत शिकवू लागल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या भाचीने माझं नाव घातलेला एक गठ्ठा पाठवला. त्यात तो घोटीचा छापलेला प्रोग्राम होता. समासात पेन्सिलने, त्याच दिवसाची तारीख घालून, साहेबांसाठी लिहिलं होतं: "रक्तगट मोठा दाखवण्याचा बदल योग्य आहे, सगळीकडे घ्यावा. करणारीने कोणी न विचारता सांगितले." खाली साहेबांची सही.

मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ रडत बसले. ताईंच्या कागदात चुकीची ओळ मला कधी सापडली नव्हती. ही पहिलीच.