रंधा अलीकडून लागला
डेन्मार्कच्या फ्यून बेटावरच्या एस्किल्डकाकांच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं कपाटं केली. ड्रॉवरच्या कडेची ओकची नक्षीपट्टी काढताना रंधा आधी पलीकडच्या टोकाला लावायचा आणि मागे मागे सरत यायचं, हे त्यांनीच मला शिव्या घालून शिकवलं. मंगळवारी त्यांनीच तो अलीकडून लावला. रंधा भरकटला, नक्षी वाकडी गेली.

"काका, लक्ष कुठंय?" मी फटकन बोलले.

एरवी त्यांनी रंधाच फेकून मारला असता. त्या दिवशी त्यांनी ती पट्टी हळूच बाकाखाली सरकवली. मी जळण घ्यायला वळले, तर शेगडीमागे तशाच वाकड्या तीन पट्ट्या लपवलेल्या.

"घरी सांगू नकोस, पोरी."

मग त्यांनी रंधा माझ्यापुढे धरला.

"कुठून सुरू करतात गं?"