डब्यातले मटण

बतूल डोंगरातल्या गावांत जाऊन लोकांचे जेवण गोळा करत असे. नियम सोपा होता. माणूस दिवसभरात जे खाईल तेच आणि तेवढेच तिच्या डब्यात पडले पाहिजे. डबे शहरात तपासले जात. अन्नातून लोह किती मिळते, पिकावरच्या औषधाचा अंश किती जातो, ते तिथे कळे. ज्या गावाला लोह कमी, त्याला लोह मिसळलेले पीठ फुकट मिळणार होते.

इत्तोला सगळे मानाने लाल्ला म्हणत. तिच्या घरी डबा होता सुनेचा, तूदाचा. तूदाला सातवा महिना होता. ओठ पांढुरके पडलेले, जिना चढताना भिंत धरावी लागे.

दुपारी सगळे ताजीनच्या मोठ्या मातीच्या भांड्याभोवती बसले. जो तो आपल्या बाजूचे खात होता. मधले मटण इत्तोने शेवटी वाटले, आधी नवऱ्याला, मग मुलांना. राहिलेला चांगला तुकडा तिने थेट डब्यात टाकला. तूदा रश्श्यात रोटी बुडवत राहिली.

"लाल्ला, तूदा खाईल तेच घालायचं," बतूल म्हणाली.

"अगं पोरी, डबा शहरात जाणार. तिथल्या लोकांना काय नुसता रस्सा दाखवू? माझ्या घराची शोभा होईल."

"माझ्यापेक्षा माझा डबाच बरा जेवतो," तूदा म्हणाली, आणि सगळे हसले.

बतूलही डोंगरातलीच. यजमानाने वाढलेले परत काढायला लावणे तिच्याने होईना. शेजारच्या घरांतल्या बायकांच्या डब्यांचेही असेच झाले होते आणि तिथेही ती गप्प बसली होती. तिने झाकण लावले.

गावाचे सगळे डबे एकत्र तपासले गेले. लोह पुरेसे निघाले. पीठ पलीकडच्या खोऱ्यात गेले.

बतूल शहरात तपासणीच्या साहेबांकडे गेली. "ते जेवण त्या बायकांचं नव्हतं, पाहुण्यांचं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? आता पुढच्या वर्षी बघू."

 बतूल तशीच मालाच्या ट्रकमध्ये बसून इत्तोच्या गावी गेली आणि इत्तोला सगळे सांगितले.

"म्हणजे सुनेच्या तोंडचं मीच काढलं म्हण की," इत्तो म्हणाली.

"नाही लाल्ला. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

इत्तो चुलीतली लाकडे आत सारू लागली. बतूलला वाटले, शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"तूदाला माझ्याबरोबर खाली दवाखान्यात पाठवा. तिथे लोहाच्या गोळ्या मिळतील," बतूल म्हणाली.

"घेऊन जा. चालवू मात्र नकोस तिला."

उतारावर ट्रकमध्ये तूदा बतूलच्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाली, "ताई, कशाला जिवाला लावून घेता? मला तर गोळ्या मिळतायत."

बतूलने मान हलवली. मागे गावातल्या बाकीच्या बायका तशाच राहिल्या होत्या. त्यांच्या डब्यांनाही झाकण तिनेच लावले होते.