आईच्या स्कीइंगचं गाव मी निवडलं

आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं तर गाव कसं निवडावं हे मला चांगलं कळतं. हे ज्ञान मी तिथे जाण्यासाठी मिळवलेलं नव्हतं. कोणी जाऊ नये म्हणून मिळवलं होतं.

सिंगापूरमध्ये आमचा एक लहानसा गट आहे. हवामानाच्या प्रश्नावर आम्ही पत्रकं काढतो. रस्त्यावर उतरून ओरडण्याची सोय इथे नाही, तेव्हा जे काय ओरडायचं ते कागदावर. हिवाळी सुट्ट्यांवरचं पत्रक मी लिहिलं होतं. विमानाचा धूर, डोंगरातल्या तळ्यांचं पाणी उपसून कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफा, सगळं त्यात होतं. ‘ज्या डोंगरावर तोफेने बर्फ उडवावा लागतो तो डोंगर नाही, दुकान आहे,’ हे वाक्य माझं. छापलं इंग्रजीत, पण सुचलं मराठीतच. माझी मराठी शाळेत झालेली नाही. दसऱ्याला नागपूरला गेलो की बाबा गर्दीतून पत्रकांचे गठ्ठे घेऊन येत आणि इथे बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मला मोठ्याने वाचायला लावत. त्यामुळे मला गोड लिहिता येत नाही. गोड लिहिणाऱ्यांचा रागही येतो.

आणि मग आईने सांगितलं की तिला स्कीइंग करायचं आहे.

आई पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. दर जानेवारीत तिथले निम्मे लोक चेहरा रापवून परत येतात, डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळं घेऊन. आल्यावर विचारतात, तू कुठे गेली होतीस? ती सांगते, नागपूर. बरीच वर्षं तिने हे हसून सांगितलं. मग गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नीट केला तर हा हिवाळा चालेल, पुढचं मी सांगू शकत नाही. त्याच संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला. बाबांनी लगेच जाहीर केलं की ते पायाला काहीही बांधून घेणार नाहीत. ते गावात फिरतील, गरम चॉकलेट पितील आणि लांबून टाळ्या वाजवतील.

“उतारावर माझ्याबरोबर तू हवीस,” आई मला म्हणाली.

मी माझं पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “बरोबर आहे तुझं. आतापर्यंत सगळे जाऊन आले. आता आमची पाळी आली, तर बर्फ संपला.”

मी हो म्हटलं.

एकदा हो म्हटल्यावर गाव मीच निवडणार हे ठरलेलं होतं, कारण बाबा जाहिरातींतल्या चकचकीत फोटोंवर भाळायला लागले होते. त्या जाहिराती म्हणजे शुद्ध फसवणूक. डोंगरमाथ्याची उंची मोठ्या अक्षरात छापतात; नवशिका माणूस त्या माथ्यावर कधी जातच नाही. त्याचा सगळा आठवडा गावालगतच्या लहानशा उतारावर जातो. तेव्हा बघायचं ते गाव किती उंचावर आहे, कारण खालच्या गावांत आता भर जानेवारीत पाऊस पडतो आणि लोक चिखलात स्की घेऊन उभे राहतात. तो उतार कुठे तोंड करून आहे तेही बघायचं. उत्तरेकडे असेल तर ऊन कमी लागतं, बर्फ टिकतो. कोणत्या गावात किती तोफा आहेत याची माहिती माझ्याकडे आधीच होती. तोफा कमी आणि तरी बर्फ भरपूर, म्हणजे बर्फ खरा. शरम वाटावी इतकं ते काम सोपं झालं. शत्रूविरुद्ध गोळा केलेलं सगळं सामान मी त्याच्याच दारात नेऊन मांडत होते, आणि मला मजा येत होती, हे सर्वांत वाईट.

ऑस्ट्रियातलं एक गाव सापडलं. तिथे रेल्वेने जाता येत होतं, वर्ग इंग्रजीत होते, आणि बाबांसाठी बर्फ तुडवून केलेल्या पायवाटा होत्या. युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या टाळून मी आठवडा ठरवला. स्कीवाल्यांना उतारावर नेणाऱ्या लिफ्टचा सगळ्या डोंगरांवर चालणारा पास घेऊ दिला नाही. नवशिक्यांचा वेगळा आणि छोटा मिळतो. मधला एक दिवस विश्रांतीचा ठेवला, कारण तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात आणि माणसं थकव्यात पडून हाडं मोडून घेतात. आईला इथेच एका मॉलमध्ये सरावाला लावलं. तिथे पांढरा खरखरीत गालिचा उलटा सरकत राहतो आणि आपण स्की लावून त्यावर आहे तिथेच घसरत राहायचं. बाहेर घामाच्या धारा, आत आई दांडा धरून उभी. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. “याला पिझ्झा म्हणतात,” असं ती घरी आल्यावर बाबांना शिकवायची आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर करूनही दाखवायची.

गटात मी सांगितलं होतं की जानेवारीत चुलत बहिणीचं लग्न आहे, मी नागपूरला चालले आहे.

मग आलं बेडोक, शहराच्या पूर्वेकडची वस्ती. तिथल्या एका बाईंकडून आम्ही वापरलेले थंडीचे कोट घ्यायला गेलो होतो. नवं घ्यायचं नाही, हा माझा नियम. मोठी पिशवी भरून कोट मिळाले, आणि वर आईला आवडलेला भडक नारिंगी कोट, जो पिशवीत मावेना. जेवायला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडईत, बसलो. मी लाइम ज्यूस घेऊन परत येते तो आमच्या टेबलापाशी माझी मैत्रीण उभी. गटात पत्रकांची मांडणी तीच करते. ती राहते तिकडेच, हे मला माहीत होतं, आणि तरी मला सुचलं नव्हतं.

तिने नारिंगी बाही बघून विचारलं होतं, आणि आई सांगत सुटली होती. उंचावरचं गाव, उत्तरेकडचा उतार, पिझ्झा. हातांनी डोंगर काढून दाखवत होती. माझ्या मुलीने सगळं शोधलं, आम्हाला काहीसुद्धा करावं लागलं नाही, असं तिने अभिमानाने सांगितलं. मैत्रिणीने हसत हसत माझ्याकडे पाहिलं. “पण आंटी, ती तर लग्नाला नागपूरला चाललीय ना?”

आईने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. तिला सगळं कळायला तेवढं पुरलं.

“हो, ती नागपूरलाच,” ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली. “आम्ही दोघंच जातोय. तिला हे पटत नाही. आम्ही ऐकत नाही म्हणून निदान कमी नुकसान होईल असं गाव तिने शोधून दिलं.”

माझ्या तोंडून जे खोटं बाहेर पडलं असतं त्यापेक्षा हे किती नेटकं होतं. मैत्रीण इथला ‘लाह’ लावून म्हणाली, किती गुणी मुलगी आहे तुमची. मी स्ट्रॉ तोंडात धरून उभी होते. पेला रिकामा झाला होता आणि मी तरी ओढत होते.

इथे एक सांगायला हवं. आई रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि नुसतं म्हणत नाही. खोटं बोलणार नाही हे चौथं शील ती इतकं पाळते की नातेवाइकांना त्याचा त्रास होतो. साडी आवडली नाही तर नाही म्हणते. फोनवर बाबा घरात नाहीत असं सांगायला तिला कधी जमलेलं नाही. त्या बाईने माझ्यासाठी गर्दीत, हसऱ्या चेहऱ्याने, एका दमात तीन वाक्यं खोटी बोलून दाखवली.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आमच्या घराकडे पुलावरून जाणाऱ्या एलआरटी या लहान गाडीच्या छोट्या डब्यात जागा मिळाली नाही, तेव्हा खांब धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आता तू येऊ नकोस.”

मला वाटलं रागावली आहे. रागावली नव्हती. तिने समजावून सांगितलं: मी तुझ्या मैत्रिणीला सांगितलं की तू येणार नाहीस. तू नाही आलीस तर ते खरं होईल. मग मी खोटं बोलले असं होणार नाही.

मी वाद घातला. माझं शिक्षणच तसलं. म्हटलं, हा हिशेब चुकीचा आहे, शील असं मागून दुरुस्त करता येत नाही, आणि लग्न तर नाहीच आहे, त्याचं काय करणार? तिने मान हलवली. म्हणाली, “ते लग्न तुझं. माझ्यापुरतं मी बघते.”

“मला तुझी लाज नव्हती वाटली, आई. त्या सहलीची वाटली.”

“सहल माझीच आहे ना?”

डब्यात शेजारच्या बाकावर दोन मुलं फोनवर खेळत होती. बाहेरून इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळून जातात की लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मी तेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मैत्रिणीला तांजोंग पगारला एका कॉफीच्या दुकानात बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. माझी तयारी होती ती पत्रकाबद्दल ऐकायची: ढोंगी, दुतोंडी. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ती म्हणाली, “स्कीइंगचं सोड. तू आईला तिथे एकटीला बोलू दिलंस?” एवढंच. कॉफी संपवून आपापल्या दिशेने गेलो. निघण्याआधी हिवाळ्याच्या पत्रकाखालून माझं नाव काढा म्हणून मी सांगितलं, तर ती म्हणाली की पत्रकातलं खोटं काहीच नाही, नाव कशाला काढायचं.

घरी आले तर आई भिंतीला पाठ लावून गुडघ्याचा व्यायाम करत होती. मी सांगितलं, मैत्रिणीला खरं सांगून आले. आता तुझ्यावर काही उरत नाही. आता मी येऊ का?

ती तशीच, अर्धी बसलेली, मांड्या थरथरत होत्या. “सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास मोजत राहिली. उभी राहिल्यावर तिने टॉवेलने मान पुसली आणि माझ्याकडे न बघता बोलली. “पण नको येऊस. तू बाजूला उभी राहशील आणि आजूबाजूचं वाईट काय ते बघशील. बघायलाच हवं, तुझं कामच ते. मला तिथे पडायचं आहे, पोरी. कोणाचा विचार न करता पडायचं आहे.”

बाबांनी मध्ये पडून पाहिलं. तिने त्यांना विचारलं, तुमचं चॉकलेट पक्कं आहे ना, मग गप्प बसा. माझं बुकिंग तिने स्वतः फोन करून रद्द केलं. नारिंगी कोटाची चेन अडकत होती ती मी दुरुस्त करून दिली. विमानतळावर तिने मला नेहमीसारखं जवळ घेतलं आणि फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं. माया कमी झाली नव्हती. त्यामुळे जास्त लागलं.

त्यांच्या तिथल्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा फोन आला. इकडे संध्याकाळ व्हायला आलेली, तिकडे सकाळ. मी जिन्यात गेले. तिची नडगी बुटात फार दुखत होती, शिक्षक पुढच्या पोरांना घेऊन वर गेला होता, बाबांना काही कळत नव्हतं. मी विचारलं, मोजे किती घातलेस? दोन जोड्या, थंडी आहे ना. म्हटलं, एक काढ. पातळ असेल तो ठेव, पार वर ओढ, एक सुरकुती नको. पँटचं टोक बुटात गेलं असेल ते बाहेर काढ. टाच मागे आपट, मग पट्टे लाव, आणि रांगेत उभी असशील तेव्हा वरचा पट्टा सैल सोड. फोनमधून धापा, बाबांचं ‘इकडे धर, इकडे धर’, पट्ट्यांचे खटके. मग ती म्हणाली, “आता बरं आहे गं. आला तो शिक्षक. ठेवते.”

तिने ठेवला नाही. फोन तसाच खिशात टाकला.

कापडाची खसखस ऐकू आली. कोणीतरी इंग्रजीत गुडघे, गुडघे म्हणत होतं. मग सरसर असा एक लांब आवाज, मी कल्पना केली होती त्यापेक्षा लांब, आणि एकदम धप्प. मग आई हसायला लागली. अशी हसताना मी तिला ऐकलेलं नव्हतं. लांबून टाळ्या वाजल्या.

मागे जिन्याचं दार उघडलं. आमच्या टीममधला एक जण बाहेर आला, माझा चेहरा बघून थबकला आणि सगळं ठीक आहे ना म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, माझी आई आहे. ऑस्ट्रियात स्कीइंग करतेय.

“मग तू कशी नाही गेलीस?”

“तिने नेलं नाही,” मी म्हटलं, आणि फोन बंद केला.