ऑटवे मास्तरांची चाकं

ऑटवे मास्तरांच्या गाडीचं चाक त्यांच्या बायकोनेच सैल करून ठेवलं होतं, अशी आवई सोमवारी सकाळी बेकरीपासून चर्चपर्यंत पोचली. साफ खोटं. हेस्टरबाईंना गाडीवरची धूळ पुसायचीही परवानगी नव्हती. चाकाची गोष्टच सोडा. चाक सैल केलं ते मास्तरांच्या अकलेने, आणि तीही पदरी कमी होती म्हणून नव्हे. भलतीच जास्त होती म्हणून.

हम्फ्री ऑटवे यांनी अठ्ठावीस वर्षं मुलांना भूमिती शिकवली. त्या अठ्ठावीस वर्षांत आपण चुकल्याचा एकही प्रसंग त्यांना आठवत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक हिरवी, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यापायी अंगणातले गुलाब उपटून गॅरेज बांधलं. गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबची वसंतातली फेरी म्हणजे त्यांची काशी. त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे धावायचा मान तारेच्या आऱ्यांच्या चाकांनाच, अशी क्लबची रीत. मास्तरांच्या गाडीला साधी पत्र्याची चाकं होती, म्हणून बिचारे अकरा वर्षं इतरांचा धूर गिळत होते. यंदा तशा चाकांची एकुलती एक गाडी असलेले म्हातारबुवा मुलीकडे राहायला गेले नि मानाची जागा रिकामी झाली. मास्तरांनी लगेच चार चाकं मागवली, हबसकट, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यासकट.

ही चाकं बसवायची तऱ्हा सोपी. दातेरी हबवर चाक सरकवायचं, वरून दोन कानांचा मोठा नट फिरवायचा आणि तांब्याच्या हातोडीने ठोकायचा. गाडीच्या एका बाजूच्या नटाचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. सोडताना कुठल्या दिशेने ठोकायचं, ते दाखवणारा बाण नटावरच कोरलेला असतो.

तो बाण पाहून मास्तर थबकले. मग हसले.

"हेस्टर, इकडे ये. कारखान्यातल्या लोकांचा गाढवपणा बघ. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला नट सुटतो! म्हणजे चालता चालता सैलच होणार ना?"

"पण हम्फ्री, इतकी वर्षं लोक तसंच बसवतात."

"लोक!" मास्तर म्हणाले. एवढ्या एका शब्दात त्यांनी आख्खा देश कचऱ्यात टाकला.

आणि त्यांनी हब नटांसकट अदलाबदल करून बसवले. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे.

शेजारचा क्रेडॉक कुंपणावरून बघत होता. त्याची उमर असलीच चाकं बसवण्यात गेलेली. त्याचीही एक जुनी गाडी क्लबात होती. बोलतो कमी, चहा पितो जास्त.

"मास्तर, बाण मागे तोंड करून आहेत. ते पुढे पाहिजेत."

"का?"

"का ते मला सांगता येत नाही. पण पाहिजेत."

"कारण सांगता येत नसेल तर, क्रेडॉक, तुम्ही नट ठोका. विचार मी करतो."

क्रेडॉकने कपातला उरलेला चहा गवतावर ओतला आणि घरात गेला. मास्तरांनी मात्र एकेक आरा नखाने वाजवून, चाक फिरवून, खडूने खुणा करून चार दिवस घालवले. चाकं अशी सरळ केली की फिरताना डोळ्याला थरथर दिसू नये. तेवढं काम खरंच देखणं होतं, हे कबूल करताना गावाच्या जिवावर येतं. गाडी मात्र बाहेर काढली नाही. चाकांना चिखल लागेल ना!

रविवारी चाळीस गाड्या मागे आणि मास्तर पुढे. डोक्यावर चौकड्यांची टोपी, शेजारी रुमाल बांधलेल्या हेस्टरबाई. असली मिरवणूक राणीचीही निघाली नसेल. चर्चच्या उतारावर मास्तरांनी ब्रेक दाबला आणि पुढचं उजवं चाक त्यांच्याच शेजारून पुढे निघालं.

"हम्फ्री," हेस्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "ते आपलं का?"

गाडीने नाक टेकलं, ठिणग्या उडवल्या, कुंपणात घुसून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चाक मात्र थांबेना. आख्खा उतार, छोटा पूल पार करून ते थेट दारूच्या गुत्त्याच्या फाटकातून आत गेलं.

क्लबच्या अध्यक्षांनी मास्तरांच्या गाडीवरचा मानाचा झेंडा काढून मागून येणाऱ्या क्रेडॉकच्या गाडीला लावला. साध्या पत्र्याच्या चाकांच्या गाडीला! क्लबच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. एकेक गाडी हॉर्न वाजवत मास्तरांच्या बाजूने पुढे गेली. कुंपणाचे काटे टोपीत अडकलेले, अकरा वर्षं वाट पाहिलेला मान समोरून निघून जात असलेला. वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

क्रेडॉकने गाडी हळू केली. "काय मास्तर, बाणांचं तोंड कुठे होतं?"

मास्तरांनी टोपीतला काटा उपटला, गुत्त्याच्या दिशेने बोट केलं आणि म्हणाले, "चाक निघालं ते सोडा. गेलं किती सरळ, ते पाहिलंत का?"