धुरपताबाई बारवर चढली

धुरपताबाईच्या हातांची अख्ख्या वसतिगृहात ख्याती होती. उकळत्या वरणाचा गंज ती फडकं न घेता, नुसत्या बोटांनी शेगडीवरून उतरवायची. जन्मभर धानाच्या बांध्यांमध्ये रोवणा केला, तेंदूपानांची पुडकी बांधली, विटा वाहिल्या. पंचेचाळिशी उलटेपर्यंत तळहात असे टणक झाले होते की काटा रुतला तर काट्याचीच कीव यावी. पुढं नवऱ्यानं, लटारूनं, चंद्रपुरात ऑटो घेतला, आणि ती शहराच्या कडेला असलेल्या मुलींच्या क्रीडा वसतिगृहात स्वयंपाकाला लागली.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोरच जिम्नॅस्टिक्सचा हॉल होता. सरिता मॅडम तिथं शिकवायच्या. त्या चिमूरच्या, वयानं धुरपताच्या लेकीएवढ्या. संध्याकाळी पोरींना खायला बोलवायला धुरपता हॉलमध्ये जायची आणि दोन घटका तिथंच रेंगाळायची.

एकदा पोरी बारला लटकल्या होत्या. कोण जास्त वेळ टिकतं ते पाहत होत्या. मार्कंड्याकडची उर्वशी, सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ, म्हणाली, "मावशी, तू बी लटकून पाय ना."

धुरपतानं पदर खोचला आणि बार धरला. पोरी एकेक करून खाली गळल्या. धुरपता लटकलेलीच. तिला वाटत होतं, अंगातलं सगळं ओझं पायांतून निथळून चाललंय. लहानपणी ती मोहाच्या झाडावर माकडासारखी चढायची. लग्न झालं आणि पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच.

सरिता मॅडम हसत म्हणाल्या, "बाई, जोर आहे तुमच्यात. पुलओव्हर शिकता का?"

"ते काय असते?"

"बारला लटकायचं, हनुवटी वर ओढायची, पाय डोक्यावरून पलीकडे टाकायचे. अंग फिरून वर येतं. मग ताठ हातांवर बारच्या वर राहायचं."

धुरपता रात्री घरी गेली ती लेकीचे जुने सलवार-कुरते शोधायलाच बसली.

ऑटो स्टँडवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. "लटारू, तुही बायको रोज बारमध्ये जाते म्हणते," म्हणून लोकांनी त्याला हैराण केलं. घरी येऊन तो म्हणाला, "काऊन करून राह्यली हे या वयात?" धुरपता म्हणाली, "मले बरं वाटते."

मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन म्हणजे अंगावर निखारे. रविवारी मॅडम नसताना धुरपतानं एकटीनंच सराव मांडला. हाताला घाम सुटत होता, म्हणून ती चॉकची पांढरी भुकटी ओंजळीनं फासत होती. पाय वर जात, बारपाशी अडत, आणि ती झोका खाऊन परत खाली येई. मधल्या बोटाच्या मुळाशी चटका बसू लागला. तिनं मनावर घेतलं नाही. हातानं आजवर कमी का सोसलं होतं? पुढच्याच झोक्याला घट्टा अख्खा गुंडाळला गेला आणि उपटून आला. खाली डाळिंबासारखी लाल कातडी उघडी पडली.

धुरपता हाताकडे बघतच राहिली. दुखण्यापेक्षा तिला लाज वाटली. या हातांचा तर तिला गर्व होता.

वसतिगृहाचा नियम कडक होता. हाताला जखम असली की कणकेला हात लावायचा नाही. खाडे पडतील, वर अधीक्षक बाई बोलतील, म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही. चिंधी गुंडाळली आणि सकाळी हिरव्या मिरच्या निवडायला घेतल्या. पहिलीच मिरची मोडली आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

उर्वशी पाणी प्यायला आली होती. "मावशी, रडून राह्यली काऊन?"

"मिरची गेली डोळ्यात."

"मिरची हातात हाय, अन् डोळ्यात कशी जाईन?" पोरीनं मूठ उघडून पाहिली आणि थेट हॉलकडे धूम ठोकली.

सरिता मॅडम आल्या त्या रागावूनच. हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुतला. लोंबणारी कातडी ओढली नाही, उकळलेल्या कात्रीनं अलगद कापली. मलम लावलं, पट्टी बांधली आणि टिटॅनसच्या इंजेक्शनला दवाखान्यात धाडलं. "रोज धुवायचं, कोरडं करायचं, मलम लावून पट्टी बदलायची. मलमाविना कोरडी पडली तर जखम तडकते. सुजली, गरम लागली, पू दिसला तर लगेच डॉक्टर. आणि दाबल्यावर दुखायचं थांबेपर्यंत बारला हात नाही."

अधीक्षक बाईंनी दुपारी निकाल दिला, "धुरपताबाई, एक तर बार, नाही तर स्वयंपाक."

सरिता मॅडम मध्ये पडल्या. "मॅडम, मी पोरींना रोज सांगते, जखम लपवू नका. यांनी भीतीनं लपवली. आता यांना शिक्षा केली, तर उद्या पोरीही लपवतील. पुन्हा फाटला हात, तर मी स्वतः नाही म्हणेन."

अधीक्षक बाईंनी जरा विचार केला. जखम भरेपर्यंत कणीक खैरुननं मळायची आणि धुरपतानं भाजीबाजार पाहायचा असं ठरलं. खैरुन म्हणजे दुसरी स्वयंपाकीण, जटपुऱ्याकडची. ती कणकेच्या परातीशी बसत म्हणाली, "लटकली तू, अन् मळून राह्यली मी. वा रे इन्साफ."

हात भरून आला, तेव्हा धुरपतानं मॅडमना विचारलं, "त्या लेकरांचे हात मऊ, त्यायचे फाटते हे समजते. माहे तं दगड होते."

"म्हणूनच फाटले. घट्टा उंच वाढला की बार आणि बोटाच्या मध्ये चिमटला जातो. मग मुळासकट निघतो. घट्टा पाहिजे, पण सपाट पाहिजे."

त्यांनी तिच्यापुढं वज्री ठेवली, न्हाणीत टाच घासतात ती. धुरपताला ते जड गेलं. एकेक घट्टा तिच्या कष्टाचा होता, आणि तो घासून काढायचा? पण तिनं कोमट पाण्यात हात बुडवले आणि हळूहळू, मॅडम थांबा म्हणेपर्यंत, उंचवटे घासले. रात्री व्हॅसलीन चोळलं. बार मुठीच्या आत कोंबायचा नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा, हे नव्यानं शिकली. भुकटी चिमटीभर, सराव झाला की धुऊन टाकायची.

सगळ्यात अवघड गोष्ट होती ती खाली उतरण्याची. चटका जाणवला की त्या दिवशी बार सोडायचा, असा मॅडमचा हुकूम. रोवण्यात हात फाटला म्हणून धुरपताला बांधीतून कोणी वर येऊ दिलं नव्हतं. पहिल्यांदा ती चटका लागताच उतरली, गादीवर बसली, आणि कोणी काही बोललं नाही. उर्वशीनं तिला पाणी आणून दिलं. त्या दिवशी घरी जाताना धुरपता ऑटोत एकटीच हसत होती.

हिवाळ्याच्या तोंडाशी वसतिगृहाचं संमेलन आलं. गावागावांतून आईबाप आले. उर्वशीच्या आईनं, सोमारीनं, लेकीचा तळहात उलटा करून पाहिला. जुन्या जखमेचा गुलाबी डाग होता.

"पोरगी शिकाले धाडली होती," सोमारी म्हणाली, "गिट्टी फोडाले नाई. चाल घरी."

उर्वशीचा चेहरा पडला. धुरपता हात पुसत पुढं आली आणि आपले दोन्ही तळहात सोमारीसमोर धरले. "हात लावून पाय बाई. तुह्यासारखेच काम केलेले हायेत. माहा फाटला तं कातडीच निघाली. आता पाय, कुठी हाय जखम?"

सोमारीनं बोटं फिरवली. तळवा टणक होता, पण सपाट, कुठं भेग नाही.

"पोरीले मी रोज जेवाच्या आधी हात दाखवाले लावतो," धुरपता म्हणाली. "फाटाच्या आधी थांबाले शिकली ते. आपल्याले कोणी शिकवलं होतं का?"

सोमारी लेकीचा हात सोडून खेळ पाहायला तिथंच खाली बसली.

पोरींचे खेळ झाले. मग मॅडमनी धुरपताला खूण केली. तिनं चिमटीभर भुकटी चोळली आणि बार धरला. आजवर पाय नेहमी त्याच ठिकाणी अडले होते. तिनं श्वास सोडला, हनुवटी ओढली, गुडघे छातीशी घेतले. पाय वर गेले, क्षणभर तिथंच थबकले. पोरींनी श्वास रोखले. आणि मग टाचा पलीकडे झुकल्या, हॉल उलटा होऊन फिरला, आणि धुरपता ताठ हातांवर बारच्या वर होती. समोर लोकांची डोकी, त्यांच्यापलीकडे उघडं दार, दारातून दिसणारं तिचं स्वयंपाकघर. वरून ते किती लहान दिसत होतं. टाळ्यांनी पत्रा दणाणला. मागच्या रांगेत लटारू खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता.

उर्वशी राहिली. पुढल्या महिन्यात ती नागपूरला विभागीय स्पर्धेला गेली आणि दोन्ही हात धड घेऊन, पदकासह परतली.

संमेलनानंतर चार पोरींच्या आया मॅडमना भेटल्या. आता दर रविवारी सकाळी हॉलमध्ये बायकांचा वर्ग भरतो. आधी धुरपता सगळ्यांचे तळवे तपासते, मगच बार मिळतो. पहिल्या रविवारी खैरुन ओढणी कमरेला बांधून लटकली. धुरपता म्हणाली, "चटका लागून राह्यला का?"

"नाई."

"मंग उतर आता, दुसरीले चढू दे."

"रुक ना जरा," खैरुन डोळे मिटून म्हणाली. "अभी तो अच्छा लग रहा है."