रागात चालवलेली गाडी

आठवड्यातून तीनदा मी आईला डायलिसिससाठी आष्ट्याहून सांगलीला नेतो. दोन वर्षं झाली. रस्ता इतका पाठ झालाय की कधी कधी सांगलीवाडी आली तरी मधली गावं कधी मागं पडली ते आठवत नाही.

त्या गुरुवारी निघताना पुण्याहून भावाचा फोन आला. दिवाळीपासून तो म्हणत होता, महिनाभर मी येऊन राहतो, तू जरा विश्रांती घे. आता म्हणाला, सुट्टी मिळत नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि गाडी सुरू केली. आईला काही सांगितलं नाही.

ऊसतोडीचे दिवस होते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालला होता. तो मला दिसत होता, असंच मी अजून म्हणतो. पण मनात मी भावाला सुनावत होतो. फोनवर जे बोलायला हवं होतं ते सगळं.

"आरं, टॅक्टर!"

आईच्या ओरडण्यानं मी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली तेव्हा उसाची टोकं काचेला टेकली होती. ट्रॅक्टर कशासाठी थांबला होता तेही मला माहीत नव्हतं. सुई टोचायचा डावा हात आईनं पोटाशी घट्ट धरला होता.

"लागलं का?"

"न्हाई. घे बाजूला."

मी गाडी कडेला घेतली.

"कुनाशी भांडत हुतास?" तिनं विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग तोंड का हालत हुतं?"

मग मी सगळं सांगितलं. ती भावाची बाजू घेईल असं वाटलं होतं. ती नुसती बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायली. तिला पाणी मोजूनच प्यावं लागतं. उरलेली बाटली तिनं माझ्या हातात दिली. "तोंड धू. उशीर हुईना का."

उशीर झालाच. नर्स रागावली. आई मशीनवर असताना मी चार तास बाहेरच्या बाकावर नुसता बसून राहिलो. भावाला फोन करावासा वाटला, केला नाही.

परतताना मी म्हणालो, "सीट मागं करतो, झोप जरा."

"मी न्हाई झोपत गाडीत."

"का? हलतं म्हणून?"

"तुजं तोंड बगत बसती. लय दमलायस तू."

दोन वर्षं ही बाई डायलिसिसनंतर पार गळून गेलेली असताना माझ्यासाठी जागी राहत होती.

शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. शनिवारची फेरी ते करायला तयार झाले. त्या पहिल्या शनिवारी मी दुपारपर्यंत झोपलो. उठलो तेव्हाही अंग जडच होतं.

आई परत आली होती. गाडीत झोप लागली, म्हणाली.