पात्याच्या बुडाशी चौऱ्याऐंशी

सिल्वासातली ती चोरी माझ्या मनातून अजून जात नाही. ऐवज म्हणाल तर एक मंगळसूत्र आणि एक खिशातला चाकू. पण त्यापायी एका माणसाची रोजीरोटी गेली होती, आणि तो माणूस माझ्याच ठाण्यात बाकावर बसून होता.

फिर्यादी होत्या कोकणातून आलेल्या एक शिक्षिका. पती वारलेले. त्या शाळेत असताना घरफोडी झाली. वरच्या खोलीत नंदुरबारकडचा एक कामगार बायको-मुलीसह राहायचा. रात्रपाळीमुळे दिवसा तो घरीच असे, म्हणून बाईंनी त्याच्यावर संशय घेतला. आम्ही चौकशीला आणलं एवढं कळताच कंपनीच्या ठेकेदाराने त्याला कामावरून काढून टाकलं.

"साहेब, मी चोरी नई केली," तो पुन्हा पुन्हा सांगे. "कामावर जाऊ द्या, नाही तं पोरगी उपाशी राहीन."

तो मला खोटारडा वाटत नव्हता. पण मला वाटून काय उपयोग? कोर्टाला पुरावा लागतो. मी बाईंना चाकूचं वर्णन विचारलं. लाल रंगाचा का?

"नाही हो साहेब. लाल तर बाजारात मिळतात, बूच काढायचा स्क्रू असलेले. हा करडा, ॲल्युमिनियमचा, बाजूला छोटा क्रॉस. ह्यांच्या कंपनीत मशीन बसवायला एक स्विस इंजिनीअर आले होते, त्यांचा लष्करातला चाकू. जाताना ह्यांना देऊन गेले. पातं उघडलं की बुडाशी ८४ दिसतं. तिकडे सैनिकांच्या चाकूवर बनवल्याचं साल ठोकतात म्हणे."

मी खबऱ्यांना नेमकं हेच वर्णन दिलं. अथालच्या नाक्यावरचा पानवाला दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर.

"साहेब, पेला वायरमनना हाथमां फॉरेननो चप्पू छे," तो गुजरातीत कुजबुजला. "बधाने बतावे छे."

परदेशी चाकू सगळ्यांना दाखवत फिरणाऱ्या ह्याच वायरमनने बाईंच्या घरचा पंखा दुरुस्त केला होता. त्याला उचलला, तर गडी बिलकूल घाबरला नाही. उलट चाकू स्वतःच टेबलावर ठेवला. मुठीवर ताजी अक्षरं होती: 'बाबांची आठवण, १९७६'. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या ताटवाट्यांवर नाव घालतात, त्याच मशीनवर पठ्ठ्याने ती घालून घेतली होती. आपल्याकडे वस्तूवर नाव असलं की ती आपली, त्याच्यापुढे कोणी विचारत नाही. त्याचा सगळा भरवसा त्या अक्षरांवरच होता.

मी त्याला चहा मागवला आणि बोलू दिलं. वडिलांना मुंबईत एका गोऱ्या साहेबाने चाकू दिला, साहेबाची टोपी कशी होती, वडिलांनी सलाम कसा ठोकला, सगळं आलं.

"साल नक्की शहात्तर?"

"शंभर टक्के साहेब. आमचे बाबा दरवर्षी सांगायचे."

मी पातं उघडून त्याच्यापुढे धरलं. "हे बनवल्याचं साल. चौऱ्याऐंशी. मग तुझ्या बाबांना आठ वर्षं आधीच कसा मिळाला रे?"

त्याने पात्याकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. झडतीत मंगळसूत्र त्याच्याच खोलीतल्या मीटरच्या पेटीत सापडलं. पंचनामा झाला, बाईंनी दोन्ही वस्तू ओळखल्या.

इथे तपास संपला असं कागदावर दिसतं. नोकरीत मी शिकलो ते हे, की चोर पकडला म्हणून दुसऱ्याची गेलेली अब्रू आपोआप परत येत नाही. ती पोहोचवावी लागते, आणि ते कामही पोलिसाचंच. मी त्या कामगाराला घेऊन कंपनीच्या गेटवर गेलो. बाई स्वतःहून सोबत आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले, "चूक माझी झाली, भाऊ." तो डोळे पुसत राहिला.

ठेकेदार ओशाळून म्हणाला, "ठीक है साहब, कल से भेज दो."

"कल से नहीं," मी म्हणालो. "आज की पाली से."

मी गेटवरच उभा राहिलो, तो आत जाईपर्यंत.